धाव, तुंबा आणि एरंडेल

पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो की खानापूर-आटपाडीकडची एखादी जत्रा, शर्यतीच्या मैदानावर सगळ्यांचे डोळे बैलांवर असतात. बैलांची नावं पोरासोरांना तोंडपाठ असतात, मालकांचे फोटो फलकांवर झळकतात, गाडीवानाला खांद्यावर घेऊन नाचवलं जातं. बैलांच्या मागून जे दोन चाकांवर उडत जातं, त्याची आठवण मात्र ते मोडलं तरच होते. ते मोडू नये म्हणून जी खटपट करायची, ती मैदानापासून दूर, सुताराच्या आणि लोहाराच्या शेडमध्ये आधीच झालेली असते.

युरोपात जुन्या रेसिंग मोटारी सांभाळणारे खास कारखाने आहेत. शंभर वर्षांपूर्वीची मोटार तिथे खोलतात, तपासतात, जोडतात आणि पुन्हा शर्यतीत उतरवतात. सातारा-सांगलीच्या माळावर मोटारींच्या शर्यतींची तशी परंपरा नाही. इथली शर्यत बैलगाडीची. पण मोटारीचा तो कारखाना आणि छकडीची इथली शेड, दोन्हींत पाऊल टाकलं की ओळखीच्या खुणा सापडू लागतात. दोन्हीकडे वेगासाठी वजन कमी करायचं असतं, दोन्हीकडे कमी केलेल्या वजनामुळे काहीतरी तुटतं, आणि दोन्हीकडे तुटलेलं दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या हातातच त्या वाहनाचं आयुष्य असतं.

शर्यतीप्रमाणे गाडी

महाराष्ट्रात बैलगाडीची शर्यत सगळीकडे सारखी होत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागात घाट असतो. एकेक बैलगाडा चढाच्या धावपट्टीवरून सुटतो आणि त्याची गाठ घड्याळाशी असते. सातारा-सांगलीकडे आखलेल्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकदम सुटतात. गटात पहिला येणारा पुढच्या फेरीत जातो आणि शेवटी फायनल होते. गाडीला दोन बैल, आणि वर जेमतेम एका माणसापुरती जागा असलेली छकडी. एका मालकाच्या बैलाला दुसऱ्याच्या बैलाचा पैरा लावून जोडी जमवण्याची रीतही इथे रुळलेली आहे. सांगली-कोल्हापूरकडे याशिवाय आरत-पारत शर्यत असे. लांबचा पल्ला गाठायचा, तिथून वळायचं आणि निघालेल्या जागी परत यायचं.

कारागिराला या फरकाचं फार महत्त्व. आरत-पारतीच्या गाडीला टिकाऊपणा लागतो. वळणावर चाकाला आडवा झोका बसतो, मैलोगणिक कणा घासतो, रस्त्यातले दगड लागतात. चाकोरीतल्या छकडीचं सगळं नशीब सुटण्याच्या क्षणी ठरतं, कारण उभी गाडी किती पटकन वेग घेते यावर निकाल असतो. म्हणून छकडी हलकी हवी. त्यातही चाकं सगळ्यांत आधी हलकी हवीत.

यामागचा हिशेब सोपा आहे. गाडीच्या सांगाड्यात असलेलं एक किलो वजन नुसतं पुढे जातं. चाकाच्या कडेला असलेलं एक किलो पुढेही जातं आणि गरगर फिरतंही. त्याला वेग द्यायला जवळपास दुप्पट शक्ती खर्च होते. आता चार फूट व्यासाचं एक चाक धरू. त्याचा परीघ सुमारे ३८३ सेंटिमीटर. त्याच्यावर पाच सेंटिमीटर रुंद आणि बारा मिलिमीटर जाड लोखंडी धाव, म्हणजे बाहेरची पट्टी, चढवली, तर एका धावेचं वजन अठरा किलोच्या घरात जातं. चार सेंटिमीटर रुंद आणि सहा मिलिमीटर जाड पट्टी वापरली, तर ते सात किलोवर येतं. एका चाकामागे अकरा किलो वाचले, आणि सुटताना बैलांना ते बावीस किलोंसारखे जाणवतात. ऊस वाहणारी गाडी आणि पळणारी गाडी एका शेडमध्ये तयार झाली तरी त्यांच्या चाकांत असा फरक पडतो.

बाभळीचं चाक

जुन्या पद्धतीच्या लाकडी चाकाचे तीन भाग. मध्यभागी तुंबा, त्यातून निघणारे आरे आणि आऱ्यांच्या टोकांवर बसलेले वळणदार पुठ्ठे. नेहमीच्या चाकात एका पुठ्ठ्यात दोन आरे बसतात, म्हणजे बारा आऱ्यांना सहा पुठ्ठे. त्या सगळ्यांना बाहेरून आवळून धरते ती धाव.

इंग्लंडातले चाककरी तीन भागांना तीन लाकडं वापरत. तुंब्याला एल्म, कारण ते सहज चिरत नाही. आऱ्यांना ओक, कारण ते भार पेलतं. पुठ्ठ्यांना ॲश, कारण ते धक्के सोसतं. माणदेशात तीन झाडं शोधत बसण्याची चैन नव्हती. इथे बहुतेक काम बाभळीवर भागलं. कमी पाण्यावर सावकाश वाढलेली बाभूळ घट्ट, चिवट आणि धक्का सोसणारी असते. मात्र तोडल्याबरोबर ती कामाला घेता येत नाही. सावलीत मुरवून, आतला ओलावा सावकाश जाऊ देऊन मगच तिच्यावर वाकस चालवायचा.

घाई केली तर काय होतं? ओलं लाकूड वाळताना लांबीच्या दिशेनं जवळजवळ आकसतच नाही, हजारात एखाद-दुसरा भाग. आडव्या दिशेनं मात्र ते शंभरात पाच ते दहा भागांपर्यंत आकसू शकतं. चाकात आरे लांबीनं उभे असतात, म्हणून त्यांची लांबी तशीच राहते. पुठ्ठ्यांची जाडी आणि तुंबा मात्र आक्रसतो. परिणामी आऱ्यांची टोकं तुंब्यातल्या भोकांत सैल होतात आणि बाहेरची धाव ढिली पडते. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माणमध्ये पाचशेच्या आसपास. शर्यतीचा हंगाम येतो तो नेमका कोरड्या महिन्यांत. त्यामुळे सैल झालेलं चाक ही इथल्या कारागिराची नित्याची तक्रार. त्यावर तात्पुरता इलाज म्हणजे चाक पाण्यात बुडवून फुगवणं किंवा पाचर मारणं. खरा इलाज एकच, धाव उतरवून कापायची, आखूड करून जोडायची आणि नव्यानं चढवायची.

धाव चढवण्याचं काम बघण्यासारखं असतं. लोखंडी पट्टी गोल वळवून तिची टोकं जोडतात, पण तिचा घेर चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडा कमी ठेवतात. मग ती जाळात घालतात. लोखंड दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखात बारा भागांनी वाढतं. आपल्या चार फुटी चाकाची धाव पाचशे अंशांनी तापली, तर तिचा घेर दोन सेंटिमीटरहून थोडा जास्त वाढतो. तेवढ्या वेळात ती सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घणानं ठोकायची आणि लाकूड पेट घेण्याआधी पाणी ओतायचं. थंड होताना धाव आकसते आणि सगळे पुठ्ठे, आरे एकमेकांत रुतवते. सांधे करकरतात तो आवाज कारागिराला हवाच असतो. दोन सेंटिमीटरऐवजी चार कमी ठेवले तर धाव चढतच नाही, किंवा चढलीच तर आरे वाकतात. अर्धाच सेंटिमीटर कमी ठेवला तर पहिल्या उन्हाळ्यात ती निसटते. हा आकडा वहीत लिहिलेला नसतो. लाकूड किती वाळलंय, पट्टी किती जाड आहे, यावर तो हातानं ठरवला जातो.

मोटारीचं लाकडी चाक

मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा त्यांची चाकंही लाकडीच होती. फ्रान्समध्ये ल मान्सजवळ २६ आणि २७ जून १९०६ रोजी पहिली ग्रां प्री झाली. जिंकली रेनो कंपनीची सुमारे तेरा लिटर इंजिनाची मोटार, चालक फेरेंत्स सिस. मोटारीचं वजन हजार किलोंच्या आत असावं अशी अट होती. आरे लाकडाचे होते, पण तुंबा गेला होता. तोफगाड्याच्या पद्धतीनं आऱ्यांची टोकं पाचरीसारखी तासून मध्यभागी एकमेकांना भिडवत आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी तबकड्या लावून बोल्टनं आवळत. तुंब्याचं लाकूड चिरण्याचा प्रश्नच मिटला. पुढे तारांची चाकं आली. लाकडी चाकात भार खालच्या आऱ्यावर उभा राहतो, तारेच्या चाकात प्रत्येक तार आधीच ताणून ठेवलेली असते. त्यामुळे चाक हलकं झालं आणि वेग वाढला.

आजही त्या काळातली मोटार शर्यतीत उतरवायची तर कोणीतरी लाकडी आरे तासणारा शोधावा लागतो. मोटारी दुरुस्त करणाऱ्यांकडे हे काम नसतं, ते चाककऱ्याकडे जातं. म्हणजे जगातल्या सर्वांत महागड्या जुन्या मोटारींपैकी काहींचं पळणं ज्या कौशल्यावर टिकून आहे, ते आपल्याकडच्या गावोगावच्या सुताराला ठाऊक होतं.

कणा आणि त्याचं वंगण

छकडीचा कणा फिरत नाही, चाकं त्याच्यावर फिरतात. तुंब्याच्या भोकात लोखंडी बुश असतो, कण्याच्या टोकाला खीळ असते, आणि दोन धातूंच्या मधे वंगण. पूर्वी ते एरंडेल असायचं. गाडीला वंगणाचा नळा लटकलेला असे आणि प्रवासात मधेमधे चाक ओढून कणा माखला जाई.

हेच एरंडेल रेसिंग मोटारींच्या इंजिनातही होतं. ब्रिटनमधल्या वेकफिल्ड कंपनीनं १९०९ मध्ये एरंडेल मिसळलेलं कॅस्ट्रॉल बाजारात आणलं. पहिल्या महायुद्धातल्या फिरत्या इंजिनांची विमानं एरंडेलावरच उडत. कारण रसायनात आहे. एरंडेलात नव्वद टक्क्यांच्या आसपास रिसिनोलेइक आम्ल असतं. त्याच्या रेणूवर असलेला जास्तीचा हायड्रॉक्सिल गट धातूला चिकटून राहतो, त्यामुळे मोठ्या दाबाखालीही तेलाचा पापुद्रा फाटत नाही. शिवाय ते पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही, म्हणून धुतलं जात नाही. दोषही मोठा आहे. तापून-निवून ते चिकट होतं, डिंकासारखा थर धरतं आणि नळ्या तुंबवतं. म्हणून ते वापरणाऱ्या जुन्या मोटारीचं इंजिन शर्यत झाली की रिकामं करावं लागतं. कण्यावरचा काळा, मातीनं घट्ट झालेला जुना थर खरवडून मगच नवं वंगण लावायचं, ही गाडीवानाची शिस्त त्याच कारणानं.

आता ग्रीस आलं आणि कित्येक छकड्यांना बेअरिंगही. कारण उघड आहे. घासणाऱ्या धातूपेक्षा घरंगळणारी गोळी कितीतरी कमी विरोध करते. पण बेअरिंग आलं की काम लेथवर जातं. कण्याचं टोक ठरलेल्या मापाला उतरावं लागतं, आणि जाड भाग जिथे बारीक होतो त्या खांद्यावर टर्नरची परीक्षा असते. तिथे काटकोनी खाच ठेवली तर सगळा ताण त्या कोपऱ्यात गोळा होतो. एका धक्क्यानं काही होत नाही. हजारो धक्क्यांनी केसाएवढी चीर पडते, वाढते आणि एक दिवस कणा मुळ्यासारखा काडकन मोडतो. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ रेल्वे इंजिनाचा कणा असाच मोडला आणि पन्नासहून जास्त माणसं मेली. त्यानंतर इंजिनिअर धातूच्या या थकव्याचा अभ्यास करू लागले, आणि पुढे जर्मनीत व्होलरनं कणे लाखो वेळा फिरवून तो मोजला. निष्कर्ष टर्नरच्या भाषेत एवढाच, खांद्याला गोलाई ठेव.

चीर शोधायला जुन्या मोटारींच्या कारखान्यात रंगद्रव्य लावतात, चुंबकीय भुकटी वापरतात. लोहार कणा टांगून हातोडीनं ठोकतो आणि कान देतो. धड लोखंड खणखणीत वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. पद्धत जुनी असली तरी अडाणी नाही. रेल्वेतही चाकं ठोकून तपासणारे कामगार याच तत्त्वावर काम करत आले.

लेथ, भट्टी आणि मापाची सवय या भागात कुठून आली याचं उत्तर दूर शोधायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या कुंडल रोडजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासूनचा. नांगर, पंप, डिझेल इंजिनं यांच्यामागून ओतकाम, साचे आणि टर्निंग यांचं ज्ञान आजूबाजूच्या गावांत झिरपलं. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे इथल्या एका कारागिरानं टाकाऊ सुट्या भागांतून छोटी जीप बनवली आणि २०२१ च्या अखेरीस तिची देशभर चर्चा झाली. लोकांना तो चमत्कार वाटला. ज्यांनी या पट्ट्यातली वर्कशॉपं पाहिली आहेत, त्यांना तितकं आश्चर्य वाटलं नसावं.

बैलाची मान

मोटारीच्या कारखान्यात नसलेला एक जाणता घटक इथे आहे, तो म्हणजे जिवंत जनावर. खिल्लार बैल माणदेशाचा. अंगानं शिडशिडीत, पायानं चपळ. खरसुंडीचा जनावरांचा बाजार त्याच्यासाठी प्रसिद्ध आहे. त्याच्या मानेवर जू येतं, आणि जुवाचा भार किती पडावा हे कारागीर ठरवतो. गाडीचा तोल कण्याच्या पुढे गेला तर सगळं वजन मानेवर दाबतं आणि खांदा सुजतो. तोल मागे गेला तर गाडी उलाळते, जू वर उचललं जातं आणि गळ्याखालचे पट्टे आवळतात. म्हणून छकडीत गाडीवान कुठे बसणार हे धरूनच कण्याची जागा ठरते. जुवाची आतली बाजू गुळगुळीत घासणं हेही कामच. ते नीट झालं नाही तर त्याची किंमत बैल मोजतो.

बैलाच्या हालांवरून शर्यतीला विरोध झाला तो निराधार नव्हता. शेपटी पिरगाळणं, टोचणं, विजेचे झटके देणं असे प्रकार घडत होते. केंद्र सरकारनं २०११ मध्ये खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी जल्लीकट्टूसह बैलगाडी शर्यती बंद केल्या. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, पण मुंबई उच्च न्यायालयात ती अडकली. ऑगस्ट २०२१ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या झरे इथे बंदी झुगारून शर्यत झाली. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं राज्याचा कायदा वैध ठरवला. आता धावपट्टी हजार मीटरपेक्षा लांब चालत नाही, बैलांची वैद्यकीय तपासणी लागते, चाबूक-काठीला मनाई आहे. या अटी पाळल्या जातात की नाही यावर लक्ष ठेवणं हे प्रशासनाचं काम. पण चांगला कारागीरही त्यातला वाटा उचलतो. हलकं चाक, नीट फिरणारा कणा आणि समतोल जू असेल तर बैलाला मारून पळवण्याचं निमित्त कमी उरतं.

गाडी तीच, पण कुठली?

एखाद्या जुन्या गाडीचे आरे दोनदा बदलले, धाव चारदा, कणा लाकडाचा होता तो लोखंडाचा झाला, जू नवं आलं. मग ती आजोबांची गाडी राहिली का? हा प्रश्न लंडनच्या न्यायालयासमोर मोटारीच्या निमित्तानं आला होता. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या मोटारीनं १९२९ आणि १९३० अशी दोन वर्षं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचं इंजिन बदललं. १९३२ मध्ये ब्रूकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात झाला आणि तिचा चालक क्लाइव्ह डन्फी मरण पावला. मग ती बंद छताची झाली, आणखी पुढे तिला पुन्हा शर्यतीचं रूप देण्यात आलं. ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरल्यावर घेणाऱ्यानं हरकत घेतली की हिच्यात मूळ मोटारीचं उरलंय तरी काय? १९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला की सुटे भाग बदलले तरी या मोटारीचा इतिहास कुठे तुटलेला नाही. एका रूपातून दुसऱ्यात जाताना ती नेहमी तीच मोटार राहिली, म्हणून ती खरी ‘ओल्ड नंबर वन’.

या निकालाचा रोख मोटारीच्या सलग इतिहासावर होता. कुठला भाग केव्हा आणि का बदलला याचा माग लागत गेला म्हणून मोटारीची ओळख टिकली. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघही जुन्या मोटारींना तांत्रिक पासपोर्ट देतो. तो असल्याशिवाय महासंघाच्या नियमांखालच्या ऐतिहासिक शर्यतींत उतरता येत नाही.

आपल्याकडे ही साखळी माणसांच्या आठवणीत आहे आणि म्हणून ती नाजूक आहे. शर्यतीवर बंदी होती त्या वर्षांत बैल गोठ्यात राहिले, त्यांच्या पिढ्या बदलल्या तरी वंश चालू राहिला. गाडी बनवण्याच्या कौशल्याचं तसं नसतं. जो मुलगा त्या सात वर्षांत शिकायचा, तो दुसऱ्या कामाला लागला असेल तर धावेचा घेर किती कमी ठेवायचा हे त्याला पुन्हा कोण सांगणार? वस्तुसंग्रहालयात एक छकडी ठेवून हे भागत नाही. कोरड्या हवेत तिची चाकं सैल होतील आणि ती कशी आवळायची हे जाणणारा कोणी नसेल.

बैलांच्या नावांच्या याद्या आपण हौसेनं ठेवतो. तशी एक वही प्रत्येक शेडमध्ये असायला काय हरकत आहे? चाकाचा व्यास, आऱ्यांची संख्या, धावेची रुंदी आणि जाडी, घेर किती कमी ठेवला, कुठलं लाकूड किती दिवस मुरवलं, कणा कुठे मोडला आणि कसा सुधारला. जोडीला धाव चढवतानाचं फोनवरचं चित्रीकरण. यात्रा समितीनं जिंकलेल्या जोडीबरोबर गाडी बनवणाऱ्याचं नावही फलकावर लिहावं. ज्या कामाचं नाव घेतलं जातं ते शिकायला पोरं पुढे येतात, हे या भागानं किर्लोस्करवाडीच्या काळापासून पाहिलेलं आहे.